बुधवारची वाकळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांकडे परदेशी गेलेल्या आईवडिलांच्या एकटेपणावर गेल्या महिन्यात आपल्या अंकात दोन वाचकांची पत्रं आली. दोन्ही मी इथे, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मुलाच्या घरी बसून मोबाइलवर वाचली. एका काकांनी लिहिलं होतं, की सहा महिने खिडकीतून रस्ता बघण्यात गेले. वाचून पोटात तुटलं, कारण सहा वर्षांपूर्वी माझंही अगदी तसंच झालं होतं. तेव्हा मी ऐन हिवाळ्यात आले होते. सकाळी आठला मुलगा-सून कामावर, नात शाळेत. मग संध्याकाळपर्यंत घरात फ्रिजच्या घरघरीखेरीज आवाज नाही. बाहेर गुडघाभर बर्फ, पाय टाकायची सोय नाही. चौतीस वर्षं वर्गात उभं राहून इतिहास शिकवलेली बाई मी, माझं तोंड दिवसचे दिवस शिवल्यासारखं बंद असायचं. तीन महिन्यांतच परतीचं तिकीट काढायला लावलं.

यंदा जूनमध्ये पुन्हा आले. या वेळी जीव रमला, आणि तो एका लुथरन, म्हणजे मार्टिन लुथर यांना मानणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या, चर्चच्या बेसमेंटमध्ये रमला. तिथे काय चालतं आणि येत्या दोन-अडीच महिन्यांत काय काय होणार आहे, हे लिहावंसं वाटलं. ज्यांची मुलं या भागात आहेत आणि ज्यांचा व्हिसा हातात पडला आहे, त्यांच्यासाठी हे पत्र.

चर्च घरापासून चार रस्ते पलीकडे आहे. बाहेर हिरवळीवर एक पाटी आहे, तिच्यावरची अक्षरं दर आठवड्याला हाताने बदलतात. जुलैत फिरायला जाताना वाचलं: बुधवारी सकाळी साडेनऊला गोधड्या शिवतात, कुणीही या. इंग्रजीत ‘क्विल्ट’ लिहिलं होतं. आमच्या कराडकडे गोधडीला वाकळ म्हणतात. माझ्या आईने आयुष्यभर वाकळा शिवल्या, सासूबाईंनीही शिवल्या. पाटी वाचून दोन बुधवार नुसतीच पुढे गेले. तिसऱ्या बुधवारी दार ढकललं.

खाली लांबच लांब टेबलं, आणि त्यांच्याभोवती अकरा बायका. एक-दोघी सोडल्या तर सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. टेबलांच्या पायांखाली प्लॅस्टिकच्या पाइपाचे तुकडे घालून ती उंच केलेली, म्हणजे वाकून पाठ धरत नाही. आपण वाकळ शिवतो ती जमिनीवर, पाय लांब करून, पोटरीखाली कापड दाबून. इथे सगळं उभ्याने. एक बाई चौकोन कापत होती, एक इस्त्री करत होती, दोघी मशीनवर चौकोन जोडत होत्या, बाकीच्या गाठी मारत होत्या. कुणी मला कुठून आलीस, का आलीस विचारलं नाही. एकीने सुई पुढे केली आणि खुर्ची सरकवली.

या गोधड्यांची रीत सांगते. माप ठरलेलं: ६० इंच रुंद, ८० इंच लांब. वर चौकोन जोडलेलं कापड, मध्ये भरण, खाली अस्तर. आपल्यासारखा धावदोरा घालत नाहीत. तीन थर एकावर एक नीट ताणायचे, साधारण वीतभर अंतरावर जाड दोरा आरपार न्यायचा, पुन्हा वर आणायचा आणि पक्की गाठ मारायची. गाठीची दोन टोकं वर उभीच ठेवायची. पहिल्या दिवशी मला हे अर्धवट काम वाटलं. पण धावदोऱ्याच्या वाकळेला महिना लागतो. इथे चौघींनी धरलं तर एका सकाळी गोधडी तयार होते, आणि ती जिथे जायची तिथे माणसं थंडीत वाट बघत असतात, तेव्हा वेग महत्त्वाचाच.

त्या जातात ‘लुथरन वर्ल्ड रिलीफ’ या संस्थेकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात मदत पाठवण्यासाठी १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लुथरन लोकांनी ती काढली. आता युद्ध, भूकंप, पूर यांनी घर गेलेल्यांकडे जगभर या गोधड्या जातात. नुसत्या पांघरायला नाही. उन्हाला आडोसा म्हणून, जमिनीवर अंथरायला, बाजारात माल मांडायला, मूल पाठीला बांधायलाही लोक त्या वापरतात. आपली वाकळही अशीच दहा कामं करते, हे मी त्या बायकांना सांगितलं. मग मोबाइलवर माझ्या आईच्या वाकळेचा फोटो दाखवला. त्यात माझ्या आजीचं इरकली लुगडं आहे, वडिलांचं धोतर आहे, माझ्या शाळेच्या परकराचा निळा तुकडा आहे. सगळ्या जणी सुया खाली ठेवून फोटोभोवती जमल्या. त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी चष्मा वर करून धावदोऱ्याचे टाके मोजले. पुढच्या बुधवारी त्यांनी नॉर्वेहून आलेल्या स्वतःच्या आजीची गोधडी पिशवीत घालून आणली. तिच्या एका कोपऱ्यात लोकरी कोटाचा तुकडा होता, बटणाच्या काजासकट.

आता जो प्रश्न प्रत्येकाच्या मनात येणार त्याबद्दल. माझ्या धाकट्या दिरांनी साताऱ्याहून फोन करून विचारलं, वहिनी, तुम्ही चर्चमध्ये जाता म्हणे? सुनेलाही सुरुवातीला ते पटलं नव्हतं. त्यांची काळजी मी हसण्यावारी नेली नाही. दुसऱ्याच बुधवारी मी त्या वयस्कर बाईंना सरळ विचारलं, की मी हिंदू आहे, देवपूजा करते, रविवारच्या प्रार्थनेला येणार नाही, तरी चालेल ना? त्या म्हणाल्या, तुमचे टाके सरळ येतात, तेवढं पुरे.

बोलणं सोपं असतं, म्हणून एक डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट सांगते. कुणीतरी दिलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून माझ्या हाती एक सुंदर जांभळा चौकोन आला, त्यावर बारीक क्रूस छापलेले. मी तो मशीनवाल्या बाईकडे दिला. तिने तो बाजूच्या टोपलीत टाकला. या गोधड्यांवर क्रूस, चर्च, कुठल्याही देशाचा झेंडा किंवा लष्करी कापड चालत नाही, असा संस्थेचा नियमच आहे. ज्याला ती मिळेल तो कुठल्याही धर्माचा, कुठल्याही देशाचा असेल. त्याला ती पांघरताना अवघड वाटू नये. स्वतःच्या देवाची खूण स्वतःच्या हाताने बाजूला काढणाऱ्या या बायका बघितल्या, आणि दिरांना त्याच रात्री फोन करून हे सांगितलं.

इतिहासाची शिक्षिका असल्यामुळे मला तंजावर आठवल्याशिवाय राहत नाही. लुथरन हे नाव आपल्याला परकं वाटतं, पण भारतात ते १७०६ पासून आहे. त्या वर्षी त्सिगेनबाल्ग हे जर्मन पाद्री तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरले. त्याच परंपरेतले ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ पुढे तंजावरला आले आणि तिथल्या मराठा राजांच्या, भोसल्यांच्या दरबारात त्यांचा शब्द मानला जाऊ लागला. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये मरणाच्या दारात असताना आपला दत्तक मुलगा श्वार्ट्झ यांच्या ओटीत घातला. तो मुलगा म्हणजे सरफोजी राजे दुसरे. सत्तेच्या भांडणात पोराचे हाल होऊ लागले, तेव्हा श्वार्ट्झ यांनीच खटपट करून त्याला मद्रासला हलवलं. तिथे गेरिके या दुसऱ्या लुथरन पाद्र्यांकडे त्याचं शिक्षण झालं.

दहा-अकरा वर्षं पाद्र्यांच्या देखरेखीखाली वाढलेला हा राजा ख्रिस्ती झाला नाही. १७९८ मध्ये गादीवर बसला, सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणलं, आणि १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. आणि श्वार्ट्झ वारले तेव्हा त्याच राजाने लंडनचे शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचं संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवलं. त्यात श्वार्ट्झ अंथरुणावर आहेत आणि सरफोजी त्यांचा हात हातात घेऊन उभे आहेत. शाळेची सहल घेऊन गेले होते तेव्हा मी ते पाहिलं आहे. तो हात हातात घेणं मला या बेसमेंटमध्ये पुन्हा पुन्हा आठवतं. मी ही गोष्ट त्या बायकांना सांगितली. भारतात लुथरन आहेत एवढं त्यांना माहीत होतं, मराठा राजाचं माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. लुथरन म्हणजे सगळे एकच नाहीत, त्यांच्यातही वेगवेगळे पंथ आहेत आणि काही बरेच कडवे आहेत. मी जाते ते ‘इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका’ या १९८८ साली तीन संस्था एकत्र येऊन झालेल्या मोठ्या संस्थेचं आहे. आपण जाल तिथे आधी एकदा मुलांना सोबत घेऊन जा, चार प्रश्न विचारा, मन खात नसेल तरच पुढे जा.

आता पुढचे कार्यक्रम. सप्टेंबरमधला सेवेचा रविवार नुकताच झाला. २०१३ पासून या संस्थेची देशभरातली चर्चेस सप्टेंबरमधल्या एका रविवारी गावासाठी काहीतरी हाताने करतात. इथे पोरांनी शाळेची दप्तरं भरली: ७० पानी चार वह्या, पाच पेन, पाच पेन्सिली, पट्टी, बोथट टोकाची कात्री, टोकयंत्र, खोडरबर, रंगीत खडूंचा डबा. मोजायला मी होते. एक सहा वर्षांची मुलगी प्रत्येक दप्तरात पेन्सिली घालताना मोठ्याने मोजत होती आणि प्रत्येक वेळी चारवर अडखळून पुन्हा एकपासून सुरू करत होती. तिला कुणी घाई केली नाही. दप्तरं तेहतीस झाली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी गोधड्यांचा आशीर्वाद आहे. वर्षभर शिवलेल्या सगळ्या गोधड्या त्या दिवशी चर्चमधल्या बाकांच्या पाठींवर पसरतात, लोक त्यांच्यावर पाठ टेकून बसतात, आणि प्रार्थनेनंतर त्या बांधून ट्रकमध्ये चढवतात. यंदा आतापर्यंत एकशे बारा झाल्या आहेत. प्रार्थनेला जाणार नाही म्हणाले होते, पण त्या रविवारी दाराशी उभी राहून गोधड्या बघणार आहे. ३१ ऑक्टोबरला मार्टिन लुथर यांनी १५१७ मध्ये पोपच्या चर्चला दिलेल्या जाहीर आव्हानाची आठवण म्हणून त्यांचा मोठा दिवस असतो, त्याच्या आसपासच्या रविवारी सगळीकडे लाल कापड लावतात. त्यानंतरच्या रविवारी वर्षभरात वारलेल्यांची नावं वाचून एकेक मेणबत्ती लावतात. गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एक बाई गेल्या. त्यांची कात्री अजून टोपलीत आहे, मुठीला हिरवी चिंधी गुंडाळलेली. यंदा त्यांच्या नावाची मेणबत्ती लागेल.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी लेफ्से करतात, आणि मला त्याची उत्सुकता लागून राहिली आहे. ऑगस्टमध्ये त्यांनी मला एकदा नमुना करून दाखवला. लेफ्से म्हणजे नॉर्वेची बटाट्याची पोळी. उकडलेला बटाटा किसणीतून काढतात, लोणी-साय घालून गार करतात, मग मैदा घालून मळतात. लाटणं खाचाखाचांचं, पोळपाट कापडाने मढवलेला, तवा गोल आणि पराती एवढा. लाटताना हात हलका लागतो, नाहीतर फाटते. पुरणपोळी करणाऱ्या हाताला ते सांगावं लागत नाही. उलटायला उलथनं नाही, हातभर लांब चपटी काठी. ती पोळीच्या मधोमध खालून सरकवायची, उचलायची आणि दुसरीकडे उलगडत सोडायची. मी पहिलीच न फाटता उलटली. त्यावर लोणी लावून साखर भुरभुरतात आणि गुंडाळी करून खातात. पोळीला तूप-साखर लावून सुरळी करून शाळेच्या डब्यात दिलेली आठवते ना, तीच चव. या लेफ्से विकून येतील ते पैसे फूड शेल्फला जाणार.

फूड शेल्फ म्हणजे गरजूंना फुकट शिधा देण्याची खोली. बेसमेंटच्याच दुसऱ्या टोकाला आहे, मंगळवारी आणि गुरुवारी उघडते. मिनेसोटा हे निर्वासितांचं राज्य आहे. व्हिएतनामच्या युद्धानंतर लाओसमधून आलेले ह्मोंग लोक इथे मोठ्या संख्येने आहेत, सोमाली आहेत, ब्रह्मदेशातले करेन आहेत, भूतानमधून हाकललेली नेपाळी बोलणारी कुटुंबंही आहेत. त्यांना इथे वसवण्यात लुथरनांच्या समाजसेवी संस्थांचा मोठा हात होता. रांगेत मी एका नेपाळी आजींशी मोडक्या हिंदीत बोलले. त्यांच्या पिशवीत शेंगदाण्याचं लोणी, मक्याच्या दाण्यांचे डबे आणि ओट होते. त्यांनी मला हळूच विचारलं, इथे मसूर मिळेल का? फळीवर मसूर नव्हती.

इथे मला आपल्या माणसांशी बोलायचं आहे. या भागातली आपली मंडळं गणपती, दिवाळी, संक्रांत अशा कार्यक्रमांसाठी चर्चचे हॉल भाड्याने घेतात. भाडं माफक असतं, स्वयंपाकघर मिळतं, गाड्या लावायला भरपूर जागा असते. याच बेसमेंटच्या वरच्या हॉलमध्ये यंदा एका मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम झाला. आरती छान झाली, मुलांची नाटुकली झाली, तीनशे पानं उठली. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा दोन भली मोठी पातेली भात आणि वरण उरून कचऱ्यात गेलं होतं, हळदीचे डाग टेबलांवर तसेच होते, आणि त्या सत्तरीच्या बायका ते घासत होत्या. मला मान वर करता येईना. मी पण फडकं घेतलं. एकाही बाईने तक्रारीचा शब्द काढला नाही. म्हणून मीच ती इथे लिहिते.

त्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना मी भेटून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. माझं म्हणणं साधं आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला येणाऱ्या प्रत्येक घराने दोन पौंड मसूर किंवा तूर डाळ आणि एक तांदळाची पिशवी आणावी, दारात एक खोकं ठेवावं, आणि ते खोकं त्याच इमारतीच्या खालच्या मजल्यावर नेऊन द्यावं. डाळ सोमाली घरात चालते, नेपाळी घरात चालते, शाकाहारी माणसाला चालते. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी इथे गावजेवण आहे, ज्यांना घरी कुणी नाही त्यांच्यासाठी. बटाटे सोलायला दुपारी दोनपासून माणसं हवी आहेत. मंडळाच्या दहा जणांनी यावं. हॉल भाड्याने घेणारे लोक म्हणून ते आपल्याला ओळखतात, तिथवरच ओळख थांबू नये असं मला मनापासून वाटतं.

त्यांना माणसं खरंच हवी आहेत. ‘इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका’चे स्थापनेच्या वेळी पन्नास लाखांवर सभासद होते, आज तीस लाखही नाहीत. तरुण पिढी येत नाही. आमच्या गटात दोन मशिनी झाकून ठेवलेल्या होत्या, कारण चालवणाऱ्या राहिल्या नव्हत्या. त्यातली एक आता मी चालवते.

येणाऱ्या आईवडिलांना चार गोष्टी सांगते. व्हिजिटर व्हिसावर नोकरी करता येत नाही. इथे पैशांचा व्यवहार अजिबात नाही, त्यामुळे मनात धाकधूक नको. इंग्रजीची भीती बाळगू नका. माझे उच्चार त्यांना कळत नाहीत तेव्हा मी कागदावर लिहून दाखवते. पुरुषांनाही काम आहे, फूड शेल्फची खोकी उचलायला आणि फळ्या लावायला दोन निवृत्त शेतकरी येतात, त्यांना तिसरा जोडीदार हवाच आहे. आणि जमल्यास बॅगेत एखादं जुनं सुती लुगडं किंवा मऊ झालेली साडी धुऊन आणा, विरलेली नको, ताणली तर टिकली पाहिजे. माझ्या दोन साड्यांचे चौकोन सात गोधड्यांत गेले. एकीच्या मधोमध माझ्या आईच्या लुगड्याचा रुईफुली काठ आहे. ती कुठल्या देशात जाईल हे मला कळणार नाही.

माझं परतीचं तिकीट १० डिसेंबरचं आहे. १३ तारखेला इथे स्वीडिश पद्धतीचा लुसियाचा दिवस असतो. पहाटेच्या अंधारात पांढरे झगे घातलेल्या मुली गात येतात, पुढच्या मुलीच्या डोक्यावर दिव्यांचा मुकुट असतो, आणि मग सगळ्यांना केशराचे पाव वाटतात. ते माझं हुकणार. सून म्हणाली, आई, आम्ही जातो, व्हिडिओ पाठवते. आणि जानेवारीपासून तिला बुधवारी सकाळी घरून काम करायची मुभा मिळाली आहे. मशीनमध्ये दोरा कसा ओवायचा ते मी तिला या रविवारी दाखवणार आहे.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
कराड, जि. सातारा (सध्या मुक्काम मिनेसोटा)